घटक ५ : घनपदार्थांच्या पृष्ठभागावरील ऑक्सिडीभवनाचा आरंभ

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• घनपदार्थाचा पृष्ठभाग त्याच्या अंतर्भागाहून वेगळा का वागतो, हे सांगता येईल.
• ऑक्सिडीभवनाच्या आरंभीच्या पायऱ्या क्रमाने मांडता येतील.
• एकाच प्रक्रियेने ॲल्युमिनियमचे रक्षण आणि लोखंडाचा नाश का होतो, याचे विवेचन करता येईल.
• रत्नागिरीसारख्या सागरतटावरील हवेचा या आरंभाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.
• या विषयाशी निगडित मराठी शब्दांचा नेमका वापर करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, विज्ञानविषयक मराठी गद्याचा अभ्यास करताना आपण या घटकात एक नित्य परिचयाचा विषय घेणार आहोत. लोखंडाच्या संदर्भात मराठी भाषक तीन क्रियापदे सहज वापरतो. गंज लागतो, गंज चढतो आणि शेवटी गंज लोखंड खातो. या तीन क्रियापदांत तीन अवस्था आहेत. चढलेला गंज डोळ्यांना दिसतो. खाल्लेले लोखंड हाताला कळते. मात्र गंज 'लागतो' तो क्षण कोणीच पाहिलेला नसतो. तांबूस डाग दिसेपर्यंत मूळ घटना होऊन गेलेली असते.

रत्नागिरी शहरात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. मांडवी, मिरकरवाडा, राजिवडा, भाट्ये हे भाग समुद्राला किंवा खाडीला लागून आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, पावसाळ्यात बहुधा ऐंशी टक्क्यांच्या वर राहणारी आर्द्रता आणि बाराही महिने येणारा खारा वारा अशा हवेत येथील खिडक्यांचे गज, छपरांचे पत्रे, मच्छीमार नौकांचे सामान आणि इमारतींच्या स्लॅबमधील सळ्या दिवस काढीत असतात. म्हणून गंज कोठे व कसा लागतो हे जाणून घेणे येथे घर टिकवण्याच्या, आणि प्रसंगी जीव वाचवण्याच्या, दृष्टीनेही आवश्यक ठरते.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ पृष्ठभाग : अपुरे राहिलेले अणू

धातूच्या अंतर्भागातील प्रत्येक अणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात आणि त्या सर्वांशी तो बंधांनी जोडलेला असतो. पृष्ठभागावरील अणूची स्थिती निराळी असते. त्याच्या खाली आणि बाजूंना शेजारी असतात. वरची बाजू मोकळी असते. त्यामुळे त्याची बंध जोडण्याची क्षमता काही अंशी अपुरी राहते. पृष्ठभागावर जी अधिकची ऊर्जा असते तिचे मूळ या अपुरेपणात आहे. बाहेरून येणाऱ्या अणूला धरून ठेवण्याची ओढही त्यातूनच निर्माण होते.

शिवाय कोणताही पृष्ठभाग सर्वत्र सारखा नसतो. आरशासारखा चकचकीत वाटणारा पत्राही अणूंच्या पातळीवर पायऱ्यापायऱ्यांचा असतो. धातू हा असंख्य स्फटिककणांचा बनलेला असतो आणि दोन कणांच्या सीमेवर अणूंची मांडणी विस्कळीत असते. पायरीच्या कडेवरील अणूला सपाट जागेवरील अणूपेक्षा शेजारी कमी असतात, म्हणून तो अधिक क्रियाशील असतो. ओरखडा, ठोकल्याची खूण, वाकवलेली जागा, धातूत अडकलेला परकीय कण हीही अशीच दुर्बळ स्थाने होत. ऑक्सिडीभवनाचा आरंभ बहुधा अशा जागी होतो.

५.३.२ पहिला क्षण : अधिशोषण

साध्या हवेत पृष्ठभागावरील प्रत्येक अणूवर ऑक्सिजनचे रेणू सेकंदाला कोट्यवधी वेळा आदळत असतात. त्यामुळे लोखंडाचा अगदी निर्मळ पृष्ठभाग हवेत उघडा पडला, तर तो सेकंदाच्या काही अब्जांश भागातच ऑक्सिजनने झाकला जातो. हवेचा दाब वातावरणाच्या एक अब्जांशाइतका उरवला, तरीही हे आच्छादन पुरे व्हायला काही सेकंदच लागतात. म्हणूनच या आरंभाचा अभ्यास करण्यासाठी वैज्ञानिकांना याहूनही विरळ अशी निर्वात पोकळी तयार करावी लागली. पृष्ठभागावरील रासायनिक घटनांच्या अभ्यासासाठी अर्व्हिंग लँगम्यूर यांना १९३२ मध्ये आणि गेरहार्ट एर्टल यांना २००७ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आदळलेल्या रेणूचे पुढे काय होते? प्रथम तो दुर्बळ आकर्षणाने पृष्ठभागाला चिकटतो. या अवस्थेत तो रेणूच असतो आणि सहज सुटूनही जाऊ शकतो. यास भौतिक अधिशोषण म्हणतात. त्यानंतर धातूतील इलेक्ट्रॉन रेणूकडे सरकतात, रेणूतील दोन ऑक्सिजन अणूंमधील बंध तुटतो आणि सुटे झालेले अणू धातूच्या अणूंशी पक्के जोडले जातात. हे रासायनिक अधिशोषण होय. येथून सहसा माघार नसते. सोन्याच्या सपाट पृष्ठभागावर साध्या तापमानाला ही दुसरी पायरी घडत नाही. ऑक्सिजनचा रेणू तेथे फुटत नाही. सोने पिढ्यान्‌पिढ्या उजळ राहते याचे कारण हे आहे.

'अधिशोषण' आणि 'शोषण' या दोन शब्दांतील भेद येथे ध्यानात घ्यावा. स्पंज पाणी शोषून घेतो तेव्हा पाणी त्याच्या आत शिरते. अधिशोषणात मात्र पदार्थ केवळ पृष्ठभागावर धरला जातो. 'अधि' या उपसर्गाचा 'वर' हा अर्थ लक्षात ठेवला की संकल्पना विसरत नाही.

५.३.३ थर जन्मतो आणि थांबतो

सुट्या ऑक्सिजन अणूंनी पृष्ठभाग भरत आला की ते धातूच्या अणूंमध्ये शिरू लागतात आणि ऑक्साइडची सूक्ष्म बेटे तयार होतात. ही बेटे प्रथम दुर्बळ स्थानांवर उगवतात, आडवी पसरतात आणि एकमेकांना मिळून अखंड थर बनतो. त्यानंतर धातू आणि ऑक्सिजन यांचा प्रत्यक्ष स्पर्श संपतो. पुढील प्रक्रियेसाठी धातूचे आयन थरातून बाहेर किंवा ऑक्सिजनचे आयन थरातून आत यावे लागतात.

साध्या तापमानाला हा प्रवास कठीण असतो. थर अतिशय पातळ असेपर्यंत धातूतील इलेक्ट्रॉन तो ओलांडून बाहेरच्या ऑक्सिजनला मिळतात. त्यामुळे थराच्या दोन बाजूंमध्ये तीव्र विद्युत् क्षेत्र निर्माण होते आणि ते आयनांना ओढून नेते. थर जसजसा जाड होतो तसतसे हे क्षेत्र क्षीण होते आणि काही नॅनोमीटर जाडीवर वाढ जवळजवळ थांबते. कॅब्रेरा आणि मॉट या शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही उपपत्ती मांडली.

ॲल्युमिनियमवरील नैसर्गिक थर सुमारे २ ते ४ नॅनोमीटर जाडीचा असतो. माणसाच्या केसाची जाडी याच्या हजारो पटींनी अधिक असते. तरीही हा थर घट्ट, सलग आणि धातूला पक्का चिकटलेला असल्यामुळे तो धातूचे कवच बनतो. ओरखडा काढला तर उघड्या पडलेल्या जागी तत्काळ नवा थर धरतो. निष्कलंक पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. तेथेही असाच अदृश्य थर रक्षण करतो. येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. ॲल्युमिनियमचे ऑक्सिडीभवन लोखंडापेक्षा अधिक सहजतेने होते, आणि तरीही टिकते ॲल्युमिनियमच. म्हणजे धातूचे भवितव्य पहिला थर कसा जमतो आणि कितपत अभंग राहतो यावर ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
अ) भौतिक आणि रासायनिक अधिशोषणातील मुख्य फरक एका वाक्यात सांगा.
आ) ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडची वाढ काही नॅनोमीटरनंतर का मंदावते?

५.३.४ लोखंड आणि खारी हवा

कोरड्या हवेत लोखंडावरही काही नॅनोमीटरचा थर बनतो आणि तो बराच काळ टिकतो. कोरड्या प्रदेशातील लोखंडी वस्तू वर्षानुवर्षे फारशा गंजत नाहीत. पण हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पुढे गेली की पृष्ठभागावर पाण्याची अदृश्य पापुद्र्यासारखी पातळ चादर धरते आणि चित्र बदलते. आता प्रक्रिया केवळ ऑक्सिजन आणि धातू यांची राहत नाही. ती विद्युत्-रासायनिक होते.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर यात मिठाची भर पडते. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, त्यांतील पाणी उडून जाते आणि मिठाचे कण गजांवर व पत्र्यांवर बसतात. साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, आर्द्रता ७५ टक्के झाली की हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागते. म्हणून हिवाळ्यातील उन्हाच्या दिवशी हाताला कोरडा लागणारा गजही किनाऱ्यावर पुष्कळदा ओलाच असतो.

अशा खारट पाण्याच्या थेंबाखाली काय घडते, हे केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले. आरंभी थेंबाखाली ठिकठिकाणी दुर्बळ स्थानांवर लोखंड विरघळू लागते. थोड्याच वेळात थेंबाच्या मध्यभागातील विरघळलेला ऑक्सिजन संपतो. काठावर मात्र पाण्याचा थर पातळ असल्याने हवेतून नवा ऑक्सिजन सहज येतो. त्यामुळे कामाची वाटणी होते. मध्यभागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनरूपाने पाण्यात उतरतात, हे धनाग्र. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूतून काठाकडे जातात आणि तेथे ऑक्सिजन व पाणी यांच्याशी संयोग पावून हायड्रॉक्सिल आयन बनवतात, हे ऋणाग्र. दोन्हीकडचे आयन पाण्यात मधल्या पट्ट्यात भेटतात आणि तेथे प्रथम लोहाचे हायड्रॉक्साइड व पुढे अधिक ऑक्सिजन मिळून तांबडा गंज साचतो.

या प्रयोगातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की गंज जेथे दिसतो नेमके तेथेच लोखंड झिजलेले असते असे नाही. झीज शेजारी, ऑक्सिजन कमी असलेल्या जागी होते. पत्र्यांच्या जोडाखाली, बोल्टच्या डोक्याखाली आणि रंगाच्या पोपड्याखाली पत्रा आधी का सडतो, याचा उलगडा यातून होतो. दुसरा असा, की क्लोराइडचे आयन संरक्षक थराला दुर्बळ जागी भेदतात आणि पडलेले छिद्र पुन्हा भरून येऊ देत नाहीत. निष्कलंक पोलादावर किनाऱ्यालगत टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके उठतात ते यामुळेच.

पावसाचाही विचार येथे केला पाहिजे. उघड्यावरील गजांवरचे मीठ पाऊस धुऊन नेतो. पडवीतील, छज्जाखालील किंवा पत्र्याच्या खालच्या अंगाचे मीठ मात्र तसेच राहते. शिवाय ओलावा असतोच. म्हणून पावसापासून जपलेला भाग पुष्कळदा आधी गंजतो. अशा जागा अधूनमधून गोड्या पाण्याने धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. रंग देण्यापूर्वी जुना गंज खरवडून मीठ धुऊन काढणेही अगत्याचे आहे. रंगाखाली मीठ राहिले तर ते रंगातून पाणी ओढते आणि फोड येतात. 'रेड ऑक्साइड' म्हणून जो पहिला हात दिला जातो, त्यातील तांबडा रंग स्वतः लोहाचे ऑक्साइडच असतो. ते आधीच ऑक्सिडीभूत असल्यामुळे हवेतील ऑक्सिजनने आणखी बदलत नाही. जस्ती पत्र्यावरील जस्त आणि नौकेच्या तळाला लावलेल्या जस्ताच्या वड्या लोखंडाऐवजी स्वतः विरघळतात आणि लोखंडाला ऋणाग्र बनवून वाचवतात.

५.३.५ काँक्रीटच्या आतील आरंभ

सिमेंट काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्या परिसरात सळईवर संरक्षक थर आपोआप बनतो आणि टिकतो. हा थर दोन कारणांनी मोडतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरून काँक्रीटची अल्कधर्मिता घटवतो, किंवा क्लोराइड सळईपर्यंत पोचतात. क्लोराइड बाहेरच्या वाऱ्यातून झिरपतात, तसेच न धुतलेली समुद्राची किंवा खाडीची वाळू आणि खारे पाणी बांधकामात वापरल्यास पहिल्या दिवसापासूनच आत असतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट असते. तेवढी जागा आत नसल्यामुळे काँक्रीटला तडे जातात, पोपडे निघतात आणि तड्यांतून आणखी मीठ आत जाते.

पणजी येथील मांडवी नदीवरील १९७० च्या सुमारास बांधलेला पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला. काँक्रीटमधील ताण दिलेल्या पोलादी तारांचे क्षरण हे त्यामागील प्रमुख कारण होते. तारा काँक्रीटच्या आत होत्या. गंज लागला तेव्हा तो कोणाला दिसणे शक्य नव्हते. किनाऱ्यावरील घराच्या स्लॅबला सळईच्या रेषेत गेलेला बारीक तडा किंवा उमटलेला तपकिरी डाग म्हणूनच नुसता रंगाने झाकू नये. तो आत घडून गेलेल्या आरंभाची वार्ता देत असतो. अशा वेळी जाणकार अभियंत्याकडून तपासणी करून घेणे श्रेयस्कर.

५.३.६ जांभा : खडकाचे ऑक्सिडीभवन

ऑक्सिडीभवन धातूपुरते मर्यादित नाही. रत्नागिरीच्या सड्यांवरील जांभा दगड हे त्याचे भव्य उदाहरण होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकात लोह बहुतांशी कमी ऑक्सिडीभूत अवस्थेत असते. उष्ण हवामान आणि भरपूर पाऊस यांमुळे पाणी व ऑक्सिजन खडकाच्या पृष्ठभागातून आणि भेगांतून आत गेले. सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे घटक विरघळून वाहून गेले. लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे व हायड्रॉक्साइडे मागे उरली. जांभ्याचा तांबूस रंग लोहाच्या या संयुगांचा आहे.

येथेही आरंभ पृष्ठभागावर आणि भेगांच्या कडांवर झाला. अर्धवट कुजलेल्या बेसाल्टमध्ये बाहेर तांबूस सालपटे आणि आत काळा गोटा सापडतो, तो याचा पुरावा. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारातील अशा खडकाला लॅटिनमधील 'वीट' या अर्थाच्या शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिले. चिरेखाणीत नुकताच कापलेला चिरा तुलनेने मऊ असतो आणि हवेत वाळल्यावर कठीण होतो. लोखंडी गज ज्या संयुगांमुळे निकामी होतो, त्याच जातीच्या संयुगांनी बांधलेल्या चिऱ्यांवर कोकणातली घरे उभी आहेत.

५.३.७ शब्दविचार

'ऑक्सिडीभवन' आणि 'ऑक्सिडीकरण' हे दोन्ही शब्द मराठीत रूढ आहेत. 'भवन' म्हणजे होणे आणि 'करण' म्हणजे करणे. आपोआप घडणाऱ्या घटनेला पहिला आणि हेतुपुरस्सर केलेल्या क्रियेला दुसरा शब्द अधिक शोभतो. 'क्षरण' म्हणजे परिसराशी होणाऱ्या प्रक्रियेने पदार्थाची होणारी झीज. 'गंज' हा शब्द मुख्यतः लोखंडाच्या क्षरणापुरता वापरावा. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ 'कळकतो'. आम्लामुळे तांबे विरघळून अन्नात उतरल्याची ती खूण. चांदी 'काळवंडते' तेव्हा मात्र तो थर बहुधा सल्फाइडचा असतो, ऑक्साइडचा नव्हे. लोकभाषेतील हे शब्द वेगवेगळ्या घटना वेगळ्या ठेवतात. शास्त्रीय लेखन करताना ते टाळण्यापेक्षा नेमके वापरणे हितावह ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
अ) खारट थेंबाखाली लोखंड मध्यभागी का विरघळते?
आ) पडवीतील गज उघड्यावरील गजांपेक्षा आधी का गंजू शकतात?

५.४ सारांश

पृष्ठभागावरील अणू अपुऱ्या बंधांमुळे क्रियाशील असतात. ऑक्सिजन प्रथम अधिशोषित होतो, नंतर फुटून धातूशी जोडला जातो, पुढे बेटे आणि शेवटी थर बनतो. थर अभंग राहिला तर तो रक्षण करतो. ओलावा व मीठ यांनी तो दुर्बळ जागी भेदला की क्षरण सुरू होते. हा आरंभ मोजक्या जागी आणि डोळ्यांना न दिसता होतो. म्हणून संरक्षणाचे उपाय डाग दिसण्यापूर्वीच योजावे लागतात.

५.५ पारिभाषिक शब्द

अधिशोषण : पृष्ठभागावर रेणू किंवा अणू धरले जाणे.
आयन : विद्युत् भार असलेला अणू किंवा अणुगट.
धनाग्र : क्षरणात धातू विरघळतो ती जागा.
ऋणाग्र : इलेक्ट्रॉन स्वीकारले जातात ती जागा.
नॅनोमीटर : मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ अ) भौतिक अधिशोषणात रेणू अखंड राहून दुर्बळपणे चिकटतो, रासायनिक अधिशोषणात तो फुटून त्याचे अणू धातूशी बंधाने जोडले जातात.
१ आ) थर जाड झाल्यावर आयनांना ओढणारे विद्युत् क्षेत्र क्षीण होते.
२ अ) तेथे ऑक्सिजन कमी असल्याने ती जागा धनाग्र बनते.
२ आ) त्यांच्यावरील मीठ पावसाने धुतले जात नाही आणि ओलावा टिकून राहतो.

५.७ स्वाध्याय

१) 'धातूचे भवितव्य पहिल्या थरावर ठरते' या विधानाचे सोदाहरण विवेचन करा. (सुमारे ३०० शब्द)
२) लोखंडाचा गंज आणि जांभा दगड यांतील साम्य व भेद स्पष्ट करा. (सुमारे २०० शब्द)
३) गंज, कीट, कळकणे, काळवंडणे, झिजणे, सडणे या शब्दांच्या अर्थच्छटा आपल्या बोलीतील वाक्यांच्या आधारे सांगा.

५.८ क्षेत्रीय कार्य

लोखंडी पत्र्याचा तुकडा पॉलिश पेपरने घासून उजळ करावा. त्यावर एका जागी मिठाच्या पाण्याचा आणि दुसऱ्या जागी पावसाच्या किंवा उकळून थंड केलेल्या गोड्या पाण्याचा थेंब ठेवावा. तीन तासांपर्यंत दर अर्ध्या तासाने दोन्ही थेंबांचे निरीक्षण करून रंग प्रथम कोठे दिसतो याची नोंद करावी. नंतर थेंब पुसून खालचा पृष्ठभाग तपासावा आणि आपल्या निरीक्षणाचे वर्णन दीडशे शब्दांत लिहावे.